विंडोज 10 चा सपोर्ट संपला, प्रेसमधले चारही कॉम्प्युटर बदलू का?

प्रश्न: आमची छोटी ऑफसेट प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असं काम असतं. चार कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज 10. एकावर टॅली, जीएसटी आणि बँक, दोनांवर डिझाइनचं कोरल आणि मराठी फाँटचं श्रीलिपी, चौथा फक्त पेजमेकर या पान लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींसाठी ठेवलाय. आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो सपोर्ट संपला, चारही नवीन घ्या. मशीन तर व्यवस्थित चालतायत, मग बदलायचे का आणि कधी?
– एक वाचक, सांगली

उत्तर: चारही एकदम नकोत, पण चालतंय तोवर चालू दे असंही करू नका. सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्याने मशीन बंद पडत नाही, पण विंडोजमध्ये उद्या एखादी नवी फट सापडली तर ती बुजवणारं अपडेट आता आपोआप येणार नाही. याने काय होतं ते 2017 मध्ये दिसलंय, मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा, फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे फट बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या फायली लॉक झाल्या, आणि पुढच्याच महिन्यात तसाच नॉटपेट्या आला तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदराच्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तिथे निदान पॅच तरी होता.

म्हणून ठरवायचं ते एकेका मशीनचं. टॅली आणि बँकेचं मशीन सगळ्यात आधी, कारण ते दिवसभर नेटवर असतं आणि पैसे तिथूनच जातात. त्याला या महिन्यातच हात घाला, फक्त 20 तारखेला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरून झाल्यावर, म्हणजे काही अडलंच तरी पुढच्या 11 तारखेच्या रिटर्नपर्यंत वेळ मिळतो. मार्च एंडला तर अजिबात नको. आधी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून बघा, हे बहुतेक जण करत नाहीत आणि नंतर रडतात.

नवीन घेण्याआधी आहे तेच चालतंय का बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथे प्रोसेसरचं नाव दिसतं. उदाहरणार्थ इंटेल आय-फाइव्हच्या पुढे 8400 असेल तर आठवी पिढी, विंडोज 11 चालेल, 7400 असेल तर सातवी, मायक्रोसॉफ्ट नाही म्हणतं. आणि 'टीपीएम नाही' (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची चिप) असा मेसेज आला म्हणून मशीन भंगारात काढू नका, पुष्कळदा तो बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, नुसता बंद असतो, इंटेलच्या बोर्डवर पीटीटी नावाने आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने, चालू केला की काम झालं. तुमचं विंडोज 10 ओरिजिनल असेल तर 11 फुकट मिळतं, क्रॅक असेल तर मात्र हीच लायसन्स घ्यायची वेळ आहे, बँकेच्या मशीनवर तरी क्रॅक ठेवू नका हो.

डिझाइनच्या दोन मशीनला घाई नको. श्रीलिपीचा डाँगल (लायसन्ससाठी मशीनला लावायची किल्ली) आणि प्रिंटरचे ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज 11 वर चालतात का ते आधी विक्रेत्याला विचारून घ्या, 11 मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सोय असते, ती जुने ड्रायव्हर अडवते. एकच मशीन आधी करा, त्यावर जुन्या पत्रिकेची फाइल उघडा, जोडाक्षरं आणि रफार जागेवर आहेत का बघा, प्लेटपर्यंत एक काम काढा, मग दुसरं. हे आषाढात करा, पत्रिकांचं काम तेव्हा कमी असतं. पितृपक्षावर टाकू नका, दिवाळी अंक आणि कॅलेंडरं असतील तर तेव्हाच रात्रपाळ्या चालू असतात. तोवर त्या मशीनवर मेल आणि व्हॉट्सअॅप वेब बंद, गिऱ्हाइकाची फाइल टॅलीवाल्या मशीनवर उतरवून, स्कॅन करून मगच द्यायची.

पैसे भरून विंडोज 10 चे सुरक्षा अपडेट मिळतात, कंपन्यांसाठी पहिल्या वर्षाला मशीनमागे 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. तुमच्यासारख्याला हा पैसा नव्या मशीनमध्ये घातलेला बरा असं माझं स्पष्ट मत आहे.

पेजमेकरवालं मशीन आहे तसंच ठेवा. लॅनची वायर काढा, वायफाय बंद, नेट द्यायचंच नाही. पण त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल, काढून ठेवा, कारण तिथे धोका व्हायरसपेक्षा डिस्क उडण्याचा जास्त आहे, आणि ते जुने फाँट परत मिळत नाहीत.

प्रश्न: मी टॅक्स कन्सल्टंट आहे, विंडोज 11 आहे. प्रत्येक अपडेट लगेच टाकायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन प्रकार आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचं अपडेट येतं, आपल्याकडे ते रात्री किंवा बुधवारी दिसतं, ते आठवड्याच्या आत टाकाच. वर्षातून एकदा मोठं व्हर्जन येतं, त्याला दोन-तीन महिने थांबलात तरी चालतं कारण विंडोजच्या होम आणि प्रो या प्रकारांना प्रत्येक व्हर्जनवर 24 महिने सपोर्ट असतो. रिटर्नच्या गर्दीत अपडेट पॉझ करता येतं, पाच आठवड्यांपर्यंत. मोठं व्हर्जन टाकल्यावर त्याच दिवशी डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून एक सही करून बघा, कारण काही बिघडलं तर मागे जायची सोय फक्त 10 दिवस असते.