पावसात टीव्हीच्या चित्राचे चौकोन का होतात?

प्रश्न : आमचे गाव पाटण तालुक्यात कोयनेकाठी आहे. पावसाची जोराची सर आली की टीव्हीवरील कुस्तीचे चित्र फुटते. परवा एका पैलवानाने पट काढला, तेव्हा त्याचे डोके जुन्याच जागी आणि धड मात्र पुढे गेलेले दिसले. आखाड्याची तांबडी माती मात्र जशीच्या तशी होती. अँटेनाच्या काळात नुसत्या मुंग्या येत असत. मग आताच चौकोन का, आणि तेही काहीच भागात का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : उपग्रहाकडून डिश अँटेनाच्या छत्रीकडे येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि पावसाचे मोठे थेंब त्या शोषतात व विखुरतात. जुन्या पद्धतीत लहर क्षीण झाली की मुंग्या वाढत, पण त्यांच्याआड चित्र दिसत राही. डिजिटल चित्राचे तसे नसते, कारण ते कॉम्प्रेस करून, म्हणजे कमी माहितीत बसवून, पाठवलेले असते. 720 × 576 ठिपक्यांची 25 चित्रे दर सेकंदाला जशीच्या तशी पाठवायची तर सुमारे 12 कोटी 44 लाख बिट (म्हणजे 0 किंवा 1 हे अंक) लागतील. इतकी जागा कोणत्याच वाहिनीला मिळत नाही. म्हणून पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवतात आणि मधल्या चित्रांसाठी, 16 × 16 ठिपक्यांचा अमुक चौकोन मागच्या चित्रातील अमुक जागेवरून उचलावा व त्यात एवढा फरक करावा, अशा सूचना धाडतात. या सूचनांच्या सांकेतिक शब्दांची लांबी कमी-जास्त असल्यामुळे एक बिट चुकला तरी पुढचा शब्द कुठे सुरू होतो हे कळेनासे होते, आणि पुढची खूण सापडेपर्यंत चौकोनांची आडवी पट्टीच हातची जाते.

सेट-टॉप बॉक्स आधी दुरुस्ती करून पाहतो. उपग्रहावरून टीव्ही पाठवण्याच्या डीव्हीबी-एस या जुन्या मानकात माहितीच्या प्रत्येक 188 बाइटमागे (एक बाइट म्हणजे 8 बिट) 16 जादा बाइट जोडलेले असतात आणि त्यांच्या आधारे 8 चुकीच्या बाइटपर्यंत मूळ मजकूर तंतोतंत परत मिळतो. चुका त्याहून वाढल्या की उरते ते ठिगळ लावणे. सर्वांत सोपे ठिगळ म्हणजे मागच्या चित्रातील त्याच जागेचा तुकडा चिकटवणे. माती हलत नसल्यामुळे तिच्यावरचे ठिगळ तुम्हाला दिसलेच नाही. पैलवान मात्र तेवढ्यात हातभर पुढे गेला होता, म्हणून त्याचे डोके मागे राहिले. हुशार बॉक्स शेजारचे चौकोन कोणत्या दिशेने सरकले ते पाहून हरवलेला चौकोनही तिकडेच सरकवतो आणि त्याच्या कडा शेजाऱ्यांशी जुळतात का हे तपासतो. दृश्यच बदलले असेल, तर मागचे चित्र निरुपयोगी ठरते. अशा वेळी चारही बाजूंच्या ठिपक्यांवरून मधला भाग भरून काढावा लागतो आणि तेथे धूसर डाग दिसतो.

खरी अडचण पुढे आहे. पुढची चित्रे या चुकीच्या ठिगळावरूनच तुकडे उचलत असल्यामुळे चूक पैलवानाबरोबर पडदाभर फिरते आणि पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा ते दोन सेकंद, टिकते. काही बॉक्स त्यापेक्षा चित्र गोठवून ठेवणे पसंत करतात. कुस्ती पाहताना ते चिडचिड करायला लावते हे खरे, पण निदान खोटे डोके तरी दाखवत नाही.

प्रश्न : मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना चित्र थिजते, आवाज मात्र बहुधा चालू राहतो. असे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडी माहिती लागते, त्यामुळे अरुंद वाटेनेही तो पोहोचतो. शिवाय छत्रीच्या एकतर्फी प्रक्षेपणात नसलेली सोय कॉलमध्ये असते : काही हरवले की तुमचा फोन समोरच्या फोनकडे नवे पूर्ण चित्र मागू शकतो. ते येईपर्यंत पुष्कळदा ठिगळ न लावता शेवटचे चांगले चित्रच दाखवत ठेवले जाते, आणि मुलगी तोंड अर्धवट उघडलेली दिसते.