मांजरं दूधपोळीच खातात, काय करू?

प्रश्न : ताई, आम्ही इंदिरानगरला राहतो. पार्किंगमधे तीन मांजरी आणि एक बोका कायमचे मुक्कामाला आहेत. समोरच्या आजी रोज सकाळी दूधपोळी कुस्करून ठेवतात, ती चाटूनपुसून साफ होते, आणि मी महागाचं कॅट फूड आणलं की नुसतं हुंगतात आणि शेपटी वर करून चालायला लागतात. घरात नॉनव्हेज चालत नाही, त्यामुळे चिकन शिजवणं शक्य नाही. इतकी वर्षं दूधपोळीवर जगतातच ना, मग उगाच कशाला खटाटोप?

उत्तर : जगतात खरी, पण दूधपोळीवर नाही हो, रात्री ती कचऱ्याच्या डब्यापाशी काय करतात ते तुम्ही बघत नाही म्हणून तसं वाटतं, उंदीर, पाली, कोणी टाकलेले चिकनचे तुकडे, त्यावर चाललेलं असतं. मांजराला टॉरीन नावाचं एक द्रव्य लागतं, त्याचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही आणि ते मिळतं मांस-मासळीतून. ते कमी पडत राहिलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय कमजोर होतं. पोळीत ते नाहीच. दुधाचं म्हणाल तर बहुतेक मोठ्या मांजरांना ते नीट पचत नाही, पार्किंगच्या कोपऱ्यात पातळ शी दिसत असेल तर आधी दूध बंद करून बघा.

आता खात का नाहीत? मांजर लहानपणी जे खातं तेच त्याला अन्न वाटतं, बाकीचं संशयास्पद. शिवाय त्याला गोड चव कळतच नाही, सगळा कारभार वासावर. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी गार पडलेल्या फूडला वास कसला येणार? पाऊचमधलं ओलं फूड घ्या, त्यात दोन चमचे कोमट पाणी घालून कालवा, हाताला जेमतेम कोमट लागेल इतकंच. आणि एकदम बदलू नका. पहिले दोनतीन दिवस आजींच्या दूधपोळीत चमचाभर, मग दर दोन दिवसांनी फूड वाढवायचं आणि दूधपोळी कमी करायची, आठदहा दिवसांत जमतं, बोका अडला तर अजून आठवडा द्या.

"उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारून खाईल" असा सल्ला सोसायटीत कोणीतरी देणारच. अजिबात ऐकू नका! मांजर दोनतीन दिवस काहीच खात नसेल तर त्याच्या लिव्हरमधे चरबी साचून जिवावर बेतू शकतं, जाड्या बोक्याला तर जास्तच धोका.

घरी शाकाहार असेल तर काही बिघडत नाही, पाऊच कात्रीनं कापून खालीच ओता, स्वयंपाकघराशी संबंध नाही. फक्त पाकिटावर 'संपूर्ण आणि संतुलित आहार' असं लिहिलेलं बघून घ्या, नुसतं 'ट्रीट' असेल तर तो खाऊ झाला, जेवण नाही. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५०-६० ग्रॅम कोरडं फूड पुरतं, अर्धं कोरडं अर्धं ओलं केलंत तर खिशालाही परवडतं. कोरडं देत असाल तर शेजारी पाण्याची वाटी हवीच, मांजर मुळात पाणी कमी पितं. एप्रिल-मेमधे ओलं फूड अर्ध्या तासात उचला, नाहीतर मुंग्या आणि वास, मग सोसायटीच्या मीटिंगमधे विषय निघतो तो वेगळाच.

आजींशी भांडू नका, त्यांच्या हातातली वाटी तीच राहू दे, आतलं हळूहळू बदलू दे.

प्रश्न : वॉचमनकाका सुकट आणि उरलेल्या रश्शातलं चिकन देतात, ते तरी चालेल ना?

उत्तर : सुकटीत मीठ फार, रोज नको, कधीतरी धुऊन चिमूटभर ठीक. रश्शातलं मात्र नाहीच, कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात आणि शिजलेलं हाड टोकदार तुटून घशात अडकतं. काकांना सांगा, मसाला घालायच्या आधी मांडीचे दोन तुकडे साध्या पाण्यात उकळून हाडं काढून बाजूला ठेवा, आणि ते पाणी फेकू नका, टॉरीन त्यात उतरतं, तेही वाटीत घाला.