चलानं थकली म्हणून लायसन्स अडलं, तेही विकलेल्या बाइकपायी

प्रश्न : माझं वय ४७. दोन महिन्यांपूर्वी लायसन्सची मुदत संपली. नूतनीकरणाला आरटीओत गेलो तर खिडकीवरून सांगितलं, 'तुमच्या नावावर नऊ चलानं आहेत, आधी ती भरा.' त्यांतली सात मी तीन वर्षांपूर्वी विकलेल्या बाइकची आहेत. घेणाऱ्याने गाडी नावावर करून घेतलीच नाही. काय करू?

उत्तर : पहिलं म्हणजे, तोंडी नकार ऐकून घरी परतू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७ नुसार नूतनीकरण नाकारायचं तर लेखी आदेश द्यावा लागतो, कारणांसकट. तो आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. म्हणून ऑनलाइन अर्ज भरा, त्याची प्रिंट आणि सोबत दोन ओळींचं पत्र आवक विभागात देऊन शिक्का घ्या : 'कोणत्या नियमाखाली नाकारता ते लेखी कळवावे.' असा नियम असेल तर तो आदेशात दिसेल. माझा अनुभव असा, की पत्रावर शिक्का पडला की 'नाही'चं बऱ्याचदा 'बघू' होतं.

दुसरं, तारखेकडे लक्ष ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपल्यावर मिळणारी ३० दिवसांची सवलत गेली. म्हणजे आज तुम्ही विनालायसन्सच आहात, पकडलं तर कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड. तोवर गाडी घरीच राहू द्या. आणि मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागेल. तुमच्याकडे दहा महिने आहेत. चाळिशी ओलांडलेली असल्याने डॉक्टरांचं प्रमाणपत्रही आत्ताच तयार ठेवा.

आता चलानं. सगळी एका ढिगात घालू नका. प्रत्येकाचा फोटो उघडून पाहा : विक्रीनंतरची तारीख, विनाहेल्मेट कोणी अनोळखी पोरगा, नंबरप्लेट मात्र तुमच्या नावची. अशी सात चलानं 'कटकट नको' म्हणून भरलीत, तर उद्या 'गाडी मी विकली होती' हे म्हणणं लंगडं पडेल. फॉर्म २९-३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज) च्या सह्या केलेल्या प्रती, डिलिव्हरी नोट (गाडी ताब्यात दिल्याचा कागद), पैसे मिळाल्याची बँक नोंद, जे असेल ते जोडून वाहतूक पोलिसांकडे तक्रार करा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवा. चालक कोण हे विचारलं तर सांगणं कलम १३३ नुसार तुमचं कर्तव्यच आहे.

मात्र इथे तुमची चूकही आहे, ती लपवून चालणार नाही. विक्री कळवण्याची जबाबदारी कलम ५० ने विकणाऱ्यावरही टाकली आहे, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, तुमच्या नावावर असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. उद्या त्या बाइकने कोणाला उडवलं, तर भरपाईच्या दाव्याची नोटीस तुमच्याच दारात येईल. मला नऊ चलानांपेक्षा या गोष्टीची जास्त काळजी वाटते. घेणाऱ्याला पोहोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस आजच पाठवा.

उरलेली दोन चलानं तुमची असतील तर भरून टाका किंवा लोकअदालतीत तडजोड करा. ती फार जुनी असतील तर मुदतीचा मुद्दा घेता येतो : निव्वळ दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची असते. उशीर माफ करायचा अधिकारही कोर्टाला आहे, त्यामुळे दोन चलानांसाठी त्या वादात शिरू नका. पावत्या मात्र अर्जासोबत जोडा.