चोरून गोळी घेते, सासरी कसं सांगू?

तू लिहिलंयस की वय 36, दीड वर्षापूर्वी शुगर निघाली, नवऱ्याला माहितीय पण सासरी बाकी कुणाला नाही, गोळ्यांची स्ट्रिप साड्यांच्या खाली ठेवतेस, आणि संकष्टी सोडलीस तर विचारतील म्हणून उपासही धरतेस. मागच्या संकष्टीला दुपारी ओट्यापाशी हात थरथरले, दरदरून घाम फुटला. धाकट्या बहिणीचं लग्न जमतंय आणि यांच्यात शुगर आहे म्हणून मोडेल, ही भीती.

अगं, बाकी सगळं नंतर, आधी ते थरथरणं. तुझ्या गोळीत ग्लिमेपिराईड आहे, ती घेऊन पोट रिकामं ठेवलं की शुगर खूप खाली जाऊ शकते. 70 च्या खाली गेली की लगेच 3 चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायचं. पण तू पडलीस तर हे करणार कोण? घरात कुणाला माहितीच नाही, सगळे म्हणतील उपासाने चक्कर आली, झोपू दे तिला. मला त्याचीच भीती वाटते.

आणि हे "मी गोड खाऊन ओढवून घेतलं" डोक्यातून काढ. दुसऱ्या वेळी दिवस असताना शुगर वाढली होती असं तूच लिहिलंयस, तुझ्या आईलाही आहे. ज्यांना गरोदरपणात होते त्यांना पुढे टाइप टू डायबेटीस व्हायची शक्यता बरीच जास्त असते, बाळंतपणानंतर तपासत राहा हे तुला कुणी नीट सांगितलं नाही याचा मला खरंच राग येतो.

बहिणीपासून तर लपवूच नकोस, तिनेही तपासून घ्यायला हवं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात देशात 10 कोटींवर लोकांना डायबेटीस निघाला, मुलाकडच्यांच्या घरातही कुणी ना कुणी असेलच.

सासूबाईंना सांगताना नवरा शेजारी बसलेला हवा, आणि सुरुवात त्यानेच करायची. "आई, हिला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, उपास झेपत नाही." एवढंच. मग कारलं खा, मेथी खा सुरू होईल, होऊ दे, गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. उपासाचं डॉक्टरांना स्पष्ट सांग, ते डोस बघतील.

रोज रडू येतं, शुगर तपासायचं मशीन हातात घ्यावंसं वाटत नाही म्हणतेस, तेही डॉक्टरांना सांग, शुगर असलेल्या खूप जणांचं असं होतं. शिवाय 14416 वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पुढच्या संकष्टीच्या आधी सांग घरी. आणि काय झालं ते मला लिही, वाट बघते.