मागचा हब आणि स्पिंडल घरी बदलताना

भाऊ, ड्रम ब्रेकच्या पुढचाक-चालित गाडीसाठी हे सांगतो. हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग, स्पिंडल म्हणजे हब ज्यावर फिरतो तो न फिरणारा दांडा. नागपूरच्या मे महिन्यात पत्रा हात भाजतो, म्हणून सकाळी सहालाच लागा. काळ्या मातीत जॅक-स्टँड रुततो. खाली जाड फळी टाका.

पुढच्या चाकांना ओट (अडवायला ठोकळे) लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा, नाहीतर ड्रम निघणारच नाही. हबच्या मधला मोठा नट मात्र चाक जमिनीवर असतानाच ढिला करा. स्टँडवर जोर लावला तर गाडी घसरू शकते. ड्रम चिकटला असेल तर हातोडा मारू नका. त्यावर आटे असलेली दोन भोकं बहुधा असतात, त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळा.

स्पिंडलचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत ब्रेकची मागची प्लेटही धरतात. ते काढण्याआधी प्लेट तारेने बांधा, तिचं वजन ब्रेकच्या पाइपवर येऊ देऊ नका. जुनी बेअरिंग घरघरत असेल तर स्पिंडलवर चरे पडलेत का, नखाने तपासा. चरा लागला की स्पिंडल बदलायचाच. नवी बेअरिंग त्यावर फार टिकत नाही. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असेल तर तो आधीच सोडवून बाजूला ठेवा, त्याची वायर ओढू नका.

खरी चूक शेवटी होते: जुनाच नट परत लावणं. ठोकून लॉक केलेला नट एकदाच वापरायचा. नवा नट टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने), त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि चाकावर वजन येण्याआधीच. कमी आवळला तर बेअरिंग खेळते, अंदाजाने जास्त आवळला तर आटे जातात.