उत्तर: एक्स-रे वर्तुळात तीन ठिपके, होस्ट कोणता?

"एक्स-रे वर्तुळात तीन अस्पष्ट ठिपके आहेत, त्यातला ठळक तो होस्ट धरून वर्णपटासाठी अर्ज करतोय." गॅमा-किरण स्फोट (जीआरबी) ज्या दीर्घिकेत झाला ती, म्हणजे त्याचा होस्ट, शोधण्याबद्दलच्या तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. अर्ज चार दिवस थांबवा.

स्टॅकिंग, फ्लॅट वगैरे प्रतिमा-प्रक्रिया तुम्हाला येतंच. पण पहिल्या रात्रीच्या फ्रेममध्ये ऑप्टिकल आफ्टरग्लो (स्फोटानंतर मागे उरणारा, मावळत जाणारा प्रकाश) दिसला होता असं तुम्हीच लिहिलंय. मग दीड-दोन आर्कसेकंदाचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) एक्स-रे वर्तुळ, म्हणजे एक्स-रे दुर्बिणीने दिलेलं स्फोटाच्या जागेचं अंदाजे वर्तुळ, धरून का बसायचं? (ती त्रिज्या ९० टक्क्यांची असते, एक सिग्मा नव्हे. २.१५ ने भागा.)

आता आमची चूक. निरीक्षकांच्या सर्क्युलरमध्ये (झटपट सूचनापत्रात) छापलेले आफ्टरग्लोचे आरए-डेक (आकाशातले निर्देशांक) आम्ही नव्या खोल प्रतिमेवर जसेच्या तसे टाकले. जुनी फ्रेम यूएसएनओ-बी१ या जुन्या ताऱ्यांच्या कॅटलॉगला बांधलेली, नवी गाइआ उपग्रहाच्या कॅटलॉगला. त्या जुन्या कॅटलॉगची अचूकताच ०.२ आर्कसेकंदाच्या आसपास, त्यात ताऱ्यांची स्वगती (आकाशातलं त्यांचं स्वतःचं सरकणं). स्लिट (वर्णपटमापकाची अरुंद फट) शेजारच्या दीर्घिकेवर बसली आणि अख्खा सीझन गेला. जुन्या फ्रेमची मूळ फाइल मागितली तेव्हा संबंधित कार्यालयाचं उत्तर एकच, "प्रसिद्ध झालेले आकडे वापरा." महिनोन्‌महिने हेच. याचा राग अजून गेलेला नाही, कारण आकडे म्हणजे फ्रेम नव्हे.

म्हणून आधी फ्रेम मिळवा, आजच मागा. मग दोन्ही प्रतिमांत दिसणारे, सॅच्युरेट न झालेले (अतितेजामुळे पिक्सेल न भरलेले) १५-३० तारे घ्या (दीर्घिका नकोत) आणि एक प्रतिमा थेट दुसरीवर बसवा. कॅटलॉग मध्ये आणूच नका. फिल्टर शक्यतो तोच ठेवा. निळ्या फिल्टरमध्ये क्षितिजाजवळ घेतलेली फ्रेम असेल तर वातावरणीय अपवर्तनामुळे निळे-लाल तारे वेगवेगळे सरकतात. आफ्टरग्लोच्या केंद्राची चूक साधारण सीइंग (हवेमुळे फुगलेल्या ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी) भागिले (२.३५ × सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर): १ आर्कसेकंद सीइंग आणि १० चं गुणोत्तर असेल तर ०.०४ आर्कसेकंद. त्यात प्रतिमा एकमेकींवर बसवताना उरलेली चूक वर्गांच्या बेरजेने मिळवा. एकूण ०.१ च्या आत आलात तर तीनपैकी दोन ठिपके बहुधा आपोआप गळतील.

गळले नाहीत तर योगायोगाची शक्यता काढा. आर बँडमध्ये (लाल फिल्टरमध्ये) २४ प्रत (तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक) किंवा त्याहून तेजस्वी दीर्घिका दर चौरस आर्कसेकंदाला सुमारे ०.००५ असतात. म्हणजे १ आर्कसेकंदात अशी एखादी निव्वळ योगायोगाने सापडण्याची शक्यता दीड टक्का, ३ मध्ये जवळपास १३. तेच २६ प्रतीपर्यंत गेलात तर ३ आर्कसेकंदात ४५ टक्क्यांच्या वर. इतक्या अंधुक ठिपक्याला तीन आर्कसेकंदांवरून होस्ट म्हणणं माझ्या मते चूकच. आपल्या आकाशगंगेच्या धुळीची दुरुस्ती या गणिताच्या आधी करा.

हे सगळं मुख्यतः मोठे तारे कोसळून होणाऱ्या दीर्घ स्फोटांबद्दल आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांसारख्या घन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून होणाऱ्या स्फोटांत होस्ट लांब असू शकतो. जीआरबी २३०३०७ए चंच बघा: जागेला अगदी चिकटून ३.८७ रेडशिफ्टची (रेडशिफ्ट म्हणजे प्रकाशाचं लालीकडे सरकणं, जास्त तितकी वस्तू दूर) अंधुक दीर्घिका, आणि होस्ट मानली गेलेली तेजस्वी सर्पिल ०.०६५ वर, सुमारे ३० आर्कसेकंद दूर. नुसतं "जवळचा" किंवा नुसतं "ठळक" यापैकी कुठलाच नियम एकट्याने चालत नाही.

आणखी एक. स्फोटाला किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. रेडशिफ्ट १ च्या आत असेल तर सोबतचा सुपरनोव्हा त्याच्या काळात दोनेक आठवड्यांनी कळसाला जातो, आपल्याला ते (१ + रेडशिफ्ट) पटीने उशिरा दिसतं. सहा महिने, जमलं तर वर्षभर थांबून घेतलेलीच प्रतिमा होस्टची समजा.

दोन उमेदवार उरलेच तर वर्णपट घेताना स्लिटचा कोन असा ठेवा की दोन्ही एकदम आत येतील. ३७२७ अँगस्ट्रॉमची ऑक्सिजन रेषा रेडशिफ्ट १.५ ला ९३०० च्या पुढे जाते आणि तिथे आपल्याच वातावरणातल्या ओएच रेणूंच्या प्रकाशरेषांचं रान असतं, मग निअर-इन्फ्रारेडच मागा. आफ्टरग्लोचा वर्णपट कुणी घेतला असेल तर त्यात लोहाच्या फाइन-स्ट्रक्चर रेषा (उत्तेजित लोह-आयनांच्या शोषणरेषा) शोधा, त्या स्फोटाच्या आसपासच्याच वायूतून येतात. नुसत्या मॅग्नेशियमच्या जोडरेषेवर विसंबू नका, ती वाटेतल्या दुसऱ्याच दीर्घिकेची असू शकते, आणि तुमचा ठळक ठिपका कदाचित तीच दीर्घिका असेल.