‘सभागृह’ नको, आणि ९९९९ ‘खोल्या’ तर नकोतच

प्रश्न असा आला आहे: बीजिंगच्या राजवाड्यावरच्या एका मराठी लेखात ‘सर्वोच्च सुसंवाद सभागृह’ असं नाव वाचलं. हे बरोबर आहे की ‘महाल’ म्हणावं? शिवाय त्या राजवाड्यात ९९९९ खोल्या आहेत असंही लिहिलंय, ते खरं का?

आधी खोल्यांचं बघू, कारण तो घोळ सुटला की सभागृहाचाही अर्धा सुटतो.

मूळ चिनी शब्द आहे ‘च्येन’. रोमन अक्षरांवरून आपल्याकडे तो ‘जियान’ असा लिहिला जातो. च्येन म्हणजे खांबांच्या मधली जागा. इंग्रजीत तिची ‘खोली’ झाली आणि आपण ती जशीच्या तशी उचलली. मराठीत मात्र याला अगदी नेमका शब्द घरातच पडून आहे: खण. चोळीचा नव्हे, कपाटाचाही नव्हे, वाड्याचा. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. घर केवढं हे जुन्या मंडळींना सांगायचं असलं की पाच खणी, सात खणी असं सांगत. मध्ये भिंत आहे की नाही याच्याशी खणाला देणंघेणं नसतं. च्येनचंही तेच. तिथल्या वास्तूत छताचा भार लाकडी सांगाडा पेलतो, भिंती नुसत्या आडोशाला.

एक फरक सांगायला हवा. आपला खण एका दिशेने मोजतात. चिनी हिशेबात दर्शनी बाजूचे खण गुणिले आतल्या बाजूचे खण असंही चालतं. तुम्ही विचारलेली ‘सर्वोच्च सुसंवाद’ची वास्तू, मूळ चिनी नाव थाय-ह त्येन, रुंदीला ११ खण आणि खोलीला ५ खण आहे, म्हणजे हिशेबाने ५५ च्येन. आत बघाल तर ७२ खांबांचं एक प्रशस्त दालन, मधोमध सिंहासन आणि त्याच्या दोन्ही अंगांना सोनेरी नागमोडी ड्रॅगन चढवलेले सहा खांब. ‘खोल्या’ म्हणायच्या तर या एका दालनात ५५ खोल्या भरतील!

आता ९९९९. लोककथा खरं तर नऊ हजार नऊशे साडेनव्व्याण्णव अशी काहीतरी आहे, म्हणजे ९९९९ आणि वर अर्धा. स्वर्गातल्या देवाचे दहा हजार, म्हणून सम्राटाने अर्धा कमी ठेवला. प्रत्यक्ष मोजणीत आकडा आठ हजार सातशेच्या आसपास भरतो, आणि तोही च्येनचाच. अर्ध्याची गंमत बघा: वन-युआन नावाच्या ग्रंथालयाच्या पश्चिम टोकाला जिन्यापुरता एक अरुंद खण आहे, लोक त्यालाच तो अर्धा मानतात. ‘अर्धी खोली’ ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो. ‘जिन्याचा अर्धा खण’ म्हटलं की मराठी सुताराला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

मग ‘त्येन’ला काय म्हणावं? (हाच तो ‘दियान’.) त्येन म्हणजे मोठ्या इमारतीतलं एखादं दालन नव्हे. ती स्वतंत्र उभी असलेली, जोत्यावरची, मानाची वास्तू. देवाची असते तशी राजाचीही. बौद्ध मंदिरात बुद्धमूर्ती जिथे असते ती वास्तूही त्येनच. बीजिंगच्या राजवाड्याच्या दर्शनी भागात दक्षिणोत्तर ओळीत असे तीन त्येन आहेत: थाय-ह, चुंग-ह, पाओ-ह. तिघांना मिळून संगमरवरी तीन टप्प्यांचं, आठ मीटरांहून उंच असं एकच जोतं. पहिला सर्वांत थोर. मधला लहान आणि चौरस. समारंभाआधी सम्राट तिथे थोडा थांबे. तिसरा नऊ खणांचा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून राजपरीक्षेची शेवटची फेरी तिथे होऊ लागली. यातल्या एकालाही ‘सभागृह’ शोभत नाही. त्या शब्दाला नगरपालिकेचा वास येतो. ‘महाल’ राहण्याचा वाटतो, आणि हे त्येन राहण्यासाठी बांधलेले नव्हते. ‘मंडप’ वास्तूच्या दृष्टीने जवळचा, पण वाचकाला गणपती आठवेल.

‘दरबार’ किंवा ‘सदर’ सुचेल, तिथेही जरा थांबा. सदरेवर रोजचा कारभार चालतो. थाय-ह त्येनमध्ये तो चालत नसे. राज्यारोहण, नववर्ष, हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस, सम्राटाचा वाढदिवस, लग्न असे मोजके प्रसंगच तिथे होत. रोजचं कामकाज मिंग घराण्याचे सम्राट पुढच्या दरवाज्यात बसून ऐकत, नंतरच्या छिंग घराण्याच्या काळात सम्राट खांग-शी आत छ्येन-छिंग दरवाज्यात बसे. म्हणून माझं मत ‘राजसभा’ला. रायगडावर १६७४ साली अभिषेक झाला त्या जागेलाही आपण राजसभा म्हणतो.

‘सर्वोच्च सुसंवाद’ मात्र सोडूनच द्या. मराठीत सुसंवाद म्हटलं की दोन माणसांत धड बोलणं होतंय एवढंच मनात येतं. मूळ ‘ह’मध्ये आकाश, पृथ्वी आणि माणूस यांचा मेळ आहे. शिवाय नाव बदलत आलंय. १४२० मध्ये वास्तू पुरी झाली तेव्हा ती फंग-थ्येन होती. पुढच्याच वर्षी वीज पडून तिन्ही त्येन जळाले. पुन्हा बांधले, पुन्हा जळाले. १५६२ मध्ये नाव ह्वांग-ची झालं, १६४५ मध्ये मांचूंनी, म्हणजे छिंग घराण्याने, थाय-ह केलं. १६७९ च्या आगीनंतर १६९५ ते १६९७ मध्ये उभी राहिली ती आजची वास्तू. नानमू या इमारती लाकडाच्या झाडाचे थोर ओंडके तोवर दुर्मीळ झाले होते, म्हणून पाइन वापरलं. तेव्हा ‘थाय-ह राजसभा’ लिहा आणि अर्थ एकदाच वाक्यात सांगा.

बाकीच्या त्येनना हेच लावू नका. आतल्या भागातला यांग-शिन त्येन बघा: खांग-शीनंतरच्या युंग-चंगपासून सम्राट तिथेच राहत, तिथेच कागद बघत, मंत्र्यांना भेटत. राजमाता त्सी-शी पडद्याआडून कारभार करायची तोही तिथेच, पूर्वेकडच्या दालनात. तिथे ‘सदर’ बेलाशक वापरा.